सात नंबरातली बरबटी

सोमवार, ५ सप्टेंबर १९३८. सकाळी साडेनऊला वलगावचे खुशालराव देशमुख प्रयोगशेताच्या सात नंबरच्या तुकड्यात शिरले. दहा मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, सहा शेंगा होत्या.

तुकडा ज्वारीचा होता. त्यात ज्वारीखेरीज काहीही पेरायचे नाही, असा बारा वर्षांचा नियम होता. तो नियम घालणारे कमलाकांत डबीर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री घेऊन उभे होते.

"हे काय हो डबीरसाहेब?" खुशालराव म्हणाले. "तुमची जवारी शेंगा बी देते? आमची त कणसंच नाई देऊन राहिली."

"कडेला एखादा वेल उगवला असेल."

"कडेले एक बी नाई. वीस तास आत जाऊन पाहा. धांड्या-धांड्याले वेल हाये."

डबीर आत गेले. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली होती आणि तिची पाने गालाला कापत होती. विसाव्या तासापर्यंत, म्हणजे पेरणीच्या विसाव्या ओळीपर्यंत, काही दिसले नाही. एकविसाव्यापासून ज्वारीच्या ताटाताटाला वेल सुरू झाले आणि तुकड्याच्या पलीकडच्या बाजूला पुन्हा वीस तास उरले तिथे थांबले. सवयीने त्यांनी दहा पावलांत मोजले. एकेचाळीस वेल होते. एक त्यांनी मुळासकट उपटला. मुळ्यांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. शेंगेच्या पिकाच्या मुळांवरच्या या गाठी जमिनीला खत देतात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी डबीरांनी त्यांचे चित्र काढले होते आणि त्या चित्राला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले होते.

अमरावतीहून वलगावला जाणाऱ्या रस्त्यालगतचे हे शेत वऱ्हाड शेतकी मंडळीने १९२६ साली घेतले. मंडळीचे कार्यालय अकोल्यात होते. डबीर तेव्हा सव्वीस वर्षांचे, नागपूरहून शेतकीची पदवी घेऊन आलेले. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत शेतकरी दरवर्षी माती वरवर हलवणारा वखर चालवतो. नांगर काढतो तो सहा-सात वर्षांतून एकदा, हरळी माजली तर. डबीरांना दोन गोष्टी पाहायच्या होत्या. दरवर्षी लोखंडी नांगर चालवला तर धान्य वाढते का, आणि पिकांची फेरपालट केली नाही तर ते किती घटते. त्यासाठी त्यांनी चार तुकडे आखले. पाच आणि सहा नंबरात एक वर्ष ज्वारी, एक वर्ष कापूस, एक वर्ष तूर. सात आणि आठ नंबरात दरवर्षी ज्वारीच. पाच आणि सात दरवर्षी नांगरायचे. सहा आणि आठवर फक्त वखर.

आठ नंबरची ज्वारी पहिल्या वर्षी एकरी आठशे दहा पौंड उतरली. नवव्या वर्षी ती चारशे ऐंशीवर आली. सात नंबरची ज्वारी मात्र हलली नाही. पहिल्या वर्षी सातशे ऐंशी, नवव्या वर्षी सातशे पंच्याहत्तर. दोन्ही तुकड्यांत फरक एकच होता, नांगराचा. निदान वहीत तरी एकच होता. १९३५ च्या आरंभी मंडळीने डबीरांचे चार पानी पत्रक छापले. त्याचा मथितार्थ असा, की दरसाल नांगरा आणि फेरपालटीची चिंता सोडा. तीन हजार प्रती निघाल्या. धामणगावच्या बाजारात दर आठवड्याला एक माणूस ते मोठ्याने वाचून दाखवी. कापसाचा भाव पडलेला होता. ज्वारी खाता येते, कडबा बैलांना होतो. पत्रक लोकांना आवडले.

सर्वांत आधी ते मनावर घेतले खुशालरावांनी. त्यांनी लोखंडी नांगर आणला आणि गावाजवळच्या बारा एकरांत सलग ज्वारी घेतली. १९३५ ला ठीक. पुढच्या वर्षी कमी. १९३७ ला एक तृतीयांश बुडाली. वलगावात त्यांना आता नांगरराव म्हणत. पाच सप्टेंबरला ते एवढेच पाहायला आले होते, की आपल्या शेतात नाही असे सात नंबरात काय आहे.

ते त्यांना सापडले होते.

डबीरांनी मनकर्णाबाईंना बोलावले. मनकर्णाबाई पन्नाशीच्या. पेरणीत तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून दाणे सोडायचे काम पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडे होते. त्या पलीकडच्या तुकड्यातल्या कापसात निंदण करीत होत्या. खुरपे हातात घेऊनच आल्या. मागून बाकीच्या बायाही आल्या.

"मनकर्णाबाई, सातमध्ये बरबटी कोणी टाकली?"

"म्याच." त्यांनी डबीरांच्या हातातल्या शेंगा पाहिल्या. "दुसऱ्या तोडीले थोडा टाईम होता अजून. कवळ्या हायेत."

"कधीपासून टाकता?"

"पयलं साल सोडून. पयल्या साली वाटलं, पुढं दुसरं कायी पेरान तुमी. दुसऱ्या साली बी जवारीच आली. मंग टाकली."

"मी बियाणं तोलून देत होतो. तुमच्या ओटीत मी स्वतः घालत होतो."

"तुमचं तुमी तोललं. बरबटी माह्या घरची होती. तुमच्या मापाले म्या हात नाई लावला."

"पण का टाकलीत?"

मनकर्णाबाईंना प्रश्नच समजला नाही, असे दिसले. "काहून म्हंजे? जवारीवर जवारी, जवारीवर जवारी. वावराले कायी त बदल पायजे. मानसाले दरसाल एकच भाजी खाऊ घाला, मंग पाहा."

बाया हसल्या. खुशालरावही हसले.

"मग आठमध्ये का नाही टाकलीत?" डबीरांनी विचारले. आपला आवाज चढला आहे हे त्यांना कळत होते.

"आठातून रेवसा गावाची पायवाट जाते ना साहेब. बाजाराले जानारे लोक शेंगा तोडतेत, जवारी तुडवतेत. कडेच्या तासात बी म्हूनच नाई टाकत. तुमीच वरडले असते, पिकाचं नुसकान केलं म्हून."

"घ्या!" खुशालराव म्हणाले. "म्हंजे हा नांगराचा गुन नाई. पायवाटेचा गुन हाये." आणि मग त्यांचे हसू गेले. "चार सालं, डबीरसाहेब. चार सालं म्या तुमच्या पायवाटेच्या पायी जवारी पेरली."

डबीर कुर्बानकडे वळले. सात नंबरात नांगर हाकणारा कुर्बान विहिरीजवळ बैलांना पाणी दाखवीत होता.

"कुर्बान, तुला माहीत होतं?"

"नांगरताना वाळल्या वेली फाळाले गुंततेत, साहेब. दरसाल."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

कुर्बानने एकदा मनकर्णाबाईंकडे पाहिले. "सांगाचं काय त्याच्यात? पयली टोपली त तुमच्याच घरी जाते. मले वाटलं, तुमचाच हुकूम असन."

यावर कोणी हसले नाही. डबीरांनी छत्री उघडली. पाऊस नव्हता. त्यांनी ती पुन्हा मिटली.

दुपारी बारा वाजता ते अमरावतीला घरी पोचले. पत्नी कुंदा स्वयंपाकघरात होती.

"बरबटी आपल्याकडे कुठून येते?"

"शेतावरून. पोळ्यानंतर मनकर्णाबाई मागच्या पायरीवर टोपली ठेवून जातात. आपलं लग्न झालं त्या वर्षापासून." कुंदाने हात पुसले. "टोपली रिकामी पाठवू नकोस, गूळ घाल, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी दरवर्षी घालते."

"कुठल्या तुकड्यातली, हे मी कधी विचारलं नाही?"

"नाही. मीठ कमी आहे एवढं एकदा म्हणालात."

तीनच दिवसांपूर्वी घरी महालक्ष्म्यांचे जेवण झाले होते. सोळा भाज्यांत बरबटी होती. डबीरांनी ती दुसऱ्यांदा मागून घेतली होती आणि पाहुण्यांसमोर म्हटले होते, की आपल्या शेताची चवच वेगळी.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांनी शेताच्या वह्या काढल्या. डबीरांच्या वह्या मंडळीत नावाजलेल्या होत्या. पेरणीची तारीख, ओल, बियाण्याचे वजन, नांगराची खोली, सारे होते. पेरणीच्या दिवशी ते स्वतः धुऱ्यावर पट्टी घेऊन उभे असत आणि कडेच्या तासांत दाणा किती खोल पडला ते मोजत. मनकर्णाबाई तिथून चाळीस पावलांवर असत. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुतत. त्यामुळे उभ्या पिकाची पाहणी ते कडेनेच करीत.

१४ नोव्हेंबर १९३१ च्या पानावर त्यांना स्वतःच्या अक्षरात एक ओळ सापडली. "क्र. ७. कापणीच्या वेळी धांड्यांना वेलवर्गीय तण. किरकोळ." तशीच ओळ १९३३ ला होती. १९३४ ला होती, आणि त्यात किरकोळ या शब्दाखाली रेघ मारलेली होती. त्या वाळल्या वेलींवर शेंगांची टरफले होती हे त्यांना आता आठवले. आठवले, की आता सुचले, हे त्यांना ठरवता येईना. पत्रक १९३४ च्या त्या नोंदीनंतर दोन महिन्यांनी लिहिले होते.

मंडळीची वार्षिक सभा २५ सप्टेंबरला अकोल्यात होती. पत्रकाची दुसरी आवृत्ती, पाच हजार प्रतींची, त्याच सभेत मंजूर व्हायची होती. गुरुवारी, १५ तारखेला, डबीर बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेले आणि मंडळीचे कार्यवाह उद्धवराव यांना भेटले. उद्धवराव वकील होते. त्यांनी मध्ये न बोलता सगळे ऐकून घेतले.

"चूक कोणाची?" त्यांनी विचारले.

"माझीच म्हणायला हवी."

"तुम्हाला तसं म्हणावंसं वाटतं हे वेगळं. बियाणं टाकलं कोणी? त्या बाईनं. तुम्ही सांगितलं होतं का? नाही. मग झालं. सभेत एक वाक्य सांगा, बाईला हजेरीवरून काढा, आणि सात नंबरचा प्रयोग पुढच्या वर्षापासून नवा धरा."

"आणि पत्रक?"

"पत्रक छापखान्यात आहे. नांगर वाईट आहे असं तर काही सिद्ध झालं नाही ना?"

"तसं नाही. पण फेरपालट नको, हे म्हणणं खोटं आहे. आणि त्या शेंगा दरवर्षी माझ्या घरी येत होत्या. मी खात होतो."

"अहो डबीर," उद्धवराव म्हणाले, "ती शेतकी मंडळीची सभा आहे, प्रायश्चित्ताची पंगत नव्हे. काय खाल्लं ते कोण विचारतंय?"

डबीरांनी समोरचा चहा घेतला. परतीच्या गाडीत त्यांच्या ध्यानात आले, की त्या क्षणी आपल्याला बरे वाटले होते.

रविवार, २५ सप्टेंबर. सभेला त्रेचाळीस सभासद हजर होते. खुशालराव तिसऱ्या रांगेत बसले होते. तीन वाजून दहा मिनिटांनी डबीर उठले आणि त्यांनी चौदा ओळींचे निवेदन वाचले. त्यातली सहावी ओळ अशी होती: "मजूर स्त्रीच्या अज्ञानामुळे तुकडा क्रमांक सातमध्ये परक्या बियाण्याची भेसळ होत असल्याचे आढळून आले आहे." फेरपालटीबद्दलच्या निष्कर्षाचा फेरविचार व्हावा, असे तेराव्या ओळीत होते. कधी व्हावा ते नव्हते.

एका सभासदाने विचारले, "बारा वर्षांत तुमच्या लक्षात आलं नाही?"

"ज्वारी उंच असते. उभ्या पिकात आतलं दिसत नाही," डबीर म्हणाले. हे खरे होते.

मग खुशालराव उठले. "माहा एकच सवाल हाये. शेंगा कोन खाल्ल्या?"

सभा हसली. अध्यक्षही हसले. डबीरांनी तोंड उघडले. तेवढ्यात एक शब्द बोलता आला असता, कदाचित दोन. त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिले. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला. दुसरी आवृत्ती बिनविरोध मंजूर झाली. खुशालराव बसले नाहीत. डबीरांकडे न पाहता ते दाराबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, कार्यवाहांच्या लेखी हुकमाप्रमाणे, मनकर्णाबाईंचे नाव हजेरीपटावरून कमी करण्यात आले. हजेरीपट डबीरांच्या ताब्यात होता. रेघ त्यांनीच मारली.

मनकर्णाबाईंनी खुरपे आणि भाकरीचे फडके उचलले. "माही टोपली राह्यली तुमच्या घरी," त्या म्हणाल्या. "तेवढी पाठवून द्या."

"मनकर्णाबाई, हा हुकूम अकोल्याहून आला आहे."

"येऊ द्या ना. टोपली त अमरावतीतच हाये."

संध्याकाळी कुंदाने टोपलीत नेहमीप्रमाणे गुळाचा खडा घातला आणि ती कुर्बानबरोबर वलगावला पाठवली. दुसऱ्या दिवशी कुर्बानने गूळ परत आणला. तो पळसाच्या पानात नीट बांधलेला होता. कुंदाने तो फडताळात ठेवला. तीन-चार दिवसांनी जेवताना ती एवढेच म्हणाली, "सभेत तुम्ही काय सांगितलंत, ते मला कुर्बानकडून कळलं."

११ ऑक्टोबरला डबीरांनी कार्यवाहांना तीन पानी पत्र लिहिले आणि ते रजिस्टर टपालाने पाठवले. सात नंबरात दुसऱ्या वर्षापासून दर पेरणीला बरबटी पडत होती आणि आठ नंबरात पायवाटेमुळे पडत नव्हती, हे त्यात होते. वहीतल्या तिन्ही नोंदी तारखांसह होत्या. "या शेंगा अकरा वर्षे माझ्या घरी येत होत्या व मी त्या खात होतो," हे वाक्य दुसऱ्या पानाच्या मध्यावर, स्वतंत्र ओळीत होते. सलग ज्वारीचे उत्पन्न टिकले ते निव्वळ नांगराने टिकले असे म्हणता येत नाही. तसे म्हणायला सलग ज्वारीचा दुसरा नांगरलेला तुकडाच नाही. बरबटीचा गुण पाहायचा तर पुढील हंगामी ती आठ नंबरात मुद्दाम पेरून पाहावी, आणि ही कल्पना मनकर्णाबाईंची आहे अशी नोंद व्हावी, असे त्यांनी सुचवले. दुसरी आवृत्ती थांबवावी आणि मनकर्णाबाईंना कामावर घ्यावे, अशी विनंती शेवटी होती.

पत्राची एक नक्कल त्यांनी खुशालरावांना पाठवली. खुशालरावांनी ती त्याच माणसाबरोबर परत केली. निरोप होता: "मले काहून? बाईले वाचून दाखवा."

१६ तारखेला सकाळी नऊला डबीर वलगावला गेले. मनकर्णाबाई खुशालरावांच्या शेतात तुरीत निंदत होत्या. आठ-दहा बाया होत्या. डबीरांनी चपला धुऱ्यावर काढल्या आणि उभ्यानेच पत्र वाचले. पुस्तकी शब्द आले तिथे ते थांबले आणि सोप्या बोलीत पुन्हा सांगितले. अकरा वर्षांचे वाक्य त्यांना दोनदा वाचावे लागले, कारण पहिल्या वेळी ते ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचले गेले नव्हते.

मनकर्णाबाई निंदता निंदता ऐकत होत्या.

"बराबर लिवलं," त्या म्हणाल्या. "एक बी गोठ खोटी नाई. आता हे कागद कुठं जाईन?"

"अकोल्याला गेला आहे. कार्यवाहांकडे."

"थे वाचन आन ठिवून देईन." त्यांनी तास संपेपर्यंत खुरपे चालवले आणि मग मान वर केली. "माह्या नावानं तुमी बोल्ले थे चाळीस लोकायच्या म्होरं. हे मात्र कागदात लिवलं. असं काहून साहेब?"

एक बाई फिसकन हसली. दुसरीने तिला कोपराने ढोसले.

"पुढची सभा पंधरा जानेवारीला आहे," डबीर म्हणाले.

"मंग पंधरा जानेवारीलेच सांगा मले."

डबीर चपला घालून निघाले. धुऱ्यावर खुशालराव भेटले. त्यांनी नमस्कार केला, पण थांबवले नाही. पुढच्या पेरणीसाठी त्यांनी मनकर्णाबाईंकडून पायलीभर बरबटी मागून ठेवली आहे, हे डबीरांना कुर्बानकडून नंतर कळले. त्यातली मूठभर प्रयोगशेतासाठी मिळेल का, हे विचारायला कुर्बानला पाठवावे असे त्यांच्या मनात आले होते. त्यांनी पाठवले नाही.

३० नोव्हेंबर १९३८ पर्यंतची स्थिती अशी आहे. पत्र पोचल्याची पावती आली आहे; उत्तर आलेले नाही. दुसऱ्या आवृत्तीचे दोन गठ्ठे २२ तारखेला धामणगावला उतरले. त्यांतल्या किती प्रती वाटल्या गेल्या, हे कळलेले नाही. जानेवारीच्या सभेची विषयपत्रिका डबीरांच्या हातात सोमवारी पडली. तिच्यात अकरा विषय आहेत. पत्राचा विषय त्यांत नाही. विषयपत्रिकेबाहेरचे बोलायचे तर आठ दिवस आधी लेखी परवानगी मागावी लागते. तसा अर्ज डबीरांनी लिहिला आहे. तो त्यांच्या टेबलावर आहे.

पाच, सहा आणि आठ नंबरची कापणी झाली. पाच आणि सहात यंदा ज्वारीचेच वर्ष होते. आठ नंबर कुर्बानने एकट्याने कापला. उतार एकरी चारशे तीस पौंड. सात नंबर कापायला वलगावच्या बाया आलेल्या नाहीत. तो उभा आहे.